मामांचं पहिलं 'छान'

आमच्या हिच्या मामांना पसंत पडेल अशी वस्तू या पृथ्वीतलावर अजून निर्माण व्हायची आहे, असं मी कैक वर्षं छातीठोकपणे सांगत आलो. मामांची उभी हयात जहाजांच्या इंजिनांत गेली. निवृत्तीनंतर इथे सिंगापुरात, पासिर रिसच्या फ्लॅटात स्थिरावले, पण नजर इंजिनरूममध्येच राहिली. काहीही समोर आलं की ते कुठून मोडेल हे आधी बघायचं. हॉकर सेंटरमधली, म्हणजे इथल्या खाऊगल्लीतली कॉफी त्यांनी 'बॉयलरचं पाणी' म्हणून इतक्या वेळा नापास केली, की मामा लांबून दिसले तरी तो चिनी कॉफीवाला पहिला कप आपण होऊन मोरीत ओतून द्यायचा आणि दुसरा करायला घ्यायचा. माझ्या लग्नाच्या बैठकीत त्यांनी माझ्याभोवती, देवाशपथ, पुरी प्रदक्षिणा घातली आणि हिच्या वडिलांना निकाल दिला, "चालेल. पण आवाज फार करतो." मी बोहल्यावर चढलो तो असा, सदोष माल म्हणून.

हीच नजर त्यांनी बेसबॉलला लावली. तरुणपणी जहाज जपानी बंदरात दुरुस्तीला अडकलं की मामा मैदानावर जाऊन बसायचे. तिथे हा खेळ अंगात शिरला, आणि त्यातही पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा गडी. मामा चेंडूकडे बघतच नसत. खांदा, कोपर, मनगट बघत, बेअरिंग तपासावं तसं. इथल्या शाळांच्या सामन्यांना डबा घेऊन बसायचे आणि पुटपुटायचे, "हा वर्षभरात खांदा धरून बसणार." आणि तो बसायचा. ही कीर्ती समुद्र ओलांडून गेली. अमेरिकेतल्या कुठल्याशा क्लबसाठी शाळकरी पोरं हेरणारा एक ताडमाड गोरा इथे आला की थेट मामांच्या शेजारी येऊन बसायचा. मामांनी दोनच दोष काढले तर पोराचं नशीब उघडलं. चार काढले तर गोरा सामान आवरायला लागायचा.

अशा मामांचा नातू, लेकीचा मुलगा, पिचर निघाला. त्याची खोड मामा रोज काढायचे. "दमलास की कोपर पडतं. तिथे थांबायचं."

"आजोबा, एव्हरी डे सेम थिंग लाह," असं इथल्या पोरांच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणत तो हसायचा. पण मामांनी हात वर केला की थांबायचा.

त्यातच मामांच्या जावयाची नोकरी गेली, इथे राहायच्या पासची मुदत संपत आली. महिनाअखेर लेकीचं बिऱ्हाड पुण्याला परतणार हे ठरलं. त्याआधी गोऱ्याने पसंत केलं तर पोरगा अमेरिकेला जाणार, नाही तर खेळ संपला.

सामन्याच्या सकाळी एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, हिने मामांना बजावलं, "मामा, आजच्या दिवस खोड काढू नका हं. पोराचं कल्याण व्हायचंय."

स्टेशनामागून स्टेशनं गेली, मामांचे ओठ हलत राहिले. मला वाटलं स्तोत्र म्हणताहेत. ते 'छान' म्हणायचा सराव करत होते.

पोरगा सुरेख खेळला. सामना संपल्यावर गोरा मामांकडे वळला. "काय म्हणता?"

मामांनी घसा खाकरला. "छान. एकही दोष नाही."

गोऱ्याचा चेहरा उतरला. "तुम्ही आजवर कॉफीचा कप पास केला नाहीत," तो म्हणाला. "या पोरात काहीच नाही? म्हणजे काहीतरी मोठं लपवताय."

ते स्वतःच शोधायचं म्हणून त्याने दमलेल्या पोराला पुन्हा उभं केलं. "आणखी जोरात," म्हणाला. "आणखी." पोराने आजोबांकडे पाहिलं. नेहमी याच घटकेला तो हात वर जायचा. मामा दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते. कोपर पडताना मलासुद्धा दिसलं. पुढच्या फेकीचा चेंडू कुठे गेला कुणास ठाऊक. पोरगा मात्र हात पोटाशी धरून गुडघ्यांवर खाली बसला. मी जन्मभर गोष्टींना तिखटमीठ लावत आलोय. त्या कोपरातून आलेल्या आवाजाला लावायला माझ्यापाशी काही नाही.

हात बरा होईल, पण तसा फेकणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. गोरा परत गेला. हात गळ्यात बांधून पोरगा पुण्याला गेला.

तेव्हापासून मामांना सगळं छान वाटतं. बॉयलरचं पाणी छान, मी छान. कॉफीवाला पहिला कप मोरीत ओततो आणि मामा म्हणतात, अहो, तोच छान होता. न राहवून हिने एकदा त्यांच्या चहात मीठ घातलं. मामांनी कप रिकामा केला. "छान झालाय." ही स्वयंपाकघरात जाऊन किती तरी वेळ नळ सोडून उभी होती.

परवा रविवारी पोराचा व्हिडिओ कॉल आला. पुण्यात, सोसायटीच्या भिंतीवर हळूहळू चेंडू फेकत होता. "आजोबा, प्रॉपर सांगा, कॅन? छान म्हणू नका लाह."

मामा बघत राहिले. त्यांचा हात मांडीवरून उठला, आपल्याच दुसऱ्या हाताच्या कोपराखाली गेला आणि त्याने ते जरासं वर उचललं. तिकडे पोराने फोनकडे बघत आपलं कोपर तेवढंच वर घेतलं.

"छान आहे," मामा म्हणाले. कोपर मात्र त्यांनी तसंच धरून ठेवलं होतं.