तेल पाजलेली पेटी

आमचे हे सुतार. कंग्राळी गावात दार-खिडकी, औत-पाभर, काहीही मोडलं की लोक यांनाच बोलवायचे. पण त्या पावसाळ्यात यांच्या डोक्यात सोनं शिरलं. माझा थोरला भाऊ, आण्णा, म्हैसूर मुलखातल्या सोन्याच्या खाणीत लाकडाचे टेकू ठोकायला गेला होता. छातीत धूळ भरून परतला आणि आमच्याच सोप्यात खोकत पडून असायचा. त्याच्याकडून यांनी खाणीच्या गोष्टी ऐकल्या. खोकला मात्र यांना ऐकू आला नाही.

"तितं सुतार लागत्यात," हे एक दिवस म्हणाले. मी रडले, भांडले, चूल पेटवली नाही. शेवटी एवढंच कबूल झाले, की ओढ्याच्या वाळूत दसऱ्यापर्यंत कणभर सोनं घावलं तर खाणीचं नाव काढणार नाहीत. नाहीतर दसऱ्याला शिलंगण करून तसंच स्टेशन गाठणार.

सोन्यासाठी ओढ्याची वाळू धुणारे झारेकरी लाकडी पाटीत पाणी फिरवत तासन्‌तास बसतात, ते आम्ही पाहिलं होतं. यांना तेवढा धीर कुठला! यांनी फणसाच्या हलक्या फळ्यांची लांब पेटी केली, दोन्ही तोंडं उघडी. मधोमध चामड्याच्या बिजागऱ्या, म्हणजे मिटून खांद्यावर टाकता यावी. तळाला घोंगडीचा तुकडा, त्यावर आडव्या पट्ट्या. वरून वाळू आणि पाणी सोडायचं. वाळू वाहून जाते, जड सोनं पट्ट्यांच्या आड बसतं. पहिल्यांदा उतार जास्त झाला, सगळंच धुपून गेलं. कमी केला तर वाळू तुंबली. हे पाचरी ठोकत बसायचे. यांचं गठुडं बांधून खुंटीला टांगलेलं होतं. जाता-येता माझी नजर तिकडेच. डोरल्याची कड दगडावर घासून तो चुरा हळूच वाळूत मिसळावा, असंही मनात येऊन गेलं.

उतार एकदाचा जुळला आणि खंडेनवमी आली. यांनी करवत, वाकस, रंधा धुऊन मांडले, शेजारी पेटी. हळदकुंकू वाहिलं. दरवर्षी हत्यारांच्या दांड्यांना पाजतात तसं पेटीलाही करंजाचं तेल पाजलं, अगदी हौसेनं. नवं लाकूड तडकायला नको ना!

दसऱ्याच्या सकाळी आम्ही ओढ्यावर. मी घागरीनं पाणी ओतत होते, हे वाळू सोडत होते. दुपार कलली. घोंगडी पिळून बघितली, तर नुसती काळी रेती.

"झालं," म्हणत हे उठले.

मला उठवेना. मी पेटीच्या खालच्या तोंडाशी बघत बसले. पाण्यावर पेटीला पाजलेल्या तेलाचा तवंग होता आणि तवंगावर बसून पिठासारखी बारीक पिवळी चमक पुढं चालली होती.

"अवो, बघा! तेलावरनं चाललंय!"

"सोनं कुठं तरंगतंय व्हय गं?"

"तुमचं तरंगतंय!"

तेलकट भांडं कसं घासायचं हे मला कुणी शिकवायला नको. काठावर धनगरांच्या विझलेल्या चुलीची राख होती. पदरातून आणली. पेटी घासली, घोंगडी राखेनं चोळून काढली. पुन्हा वाळू, पुन्हा पाणी. घाईत निम्मं पाणी माझ्याच पायावर. उन्हं उतरताना घोंगडी पिळली. काळ्या रेतीत एक कण चकाकत होता, राजगिऱ्याएवढाही नसेल.

"एवढ्यानं काय हुतंय," हे पुटपुटले.

"कणभर म्हणला हुतासा. झाला का न्हाय कण?"

यांनी ओल्या अंगठ्यावर कण टिपला, पेटी मिटून खांद्यावर टाकली आणि चालू लागले. मी मागून, अजून धास्तावलेली.

घरी आण्णा हातावर रेलून उठला. "घावलं व्हय?"

यांनी अंगठा पुढं केला. कण वाटेतच कुठंतरी पडला होता. हे अंगठ्याकडं बघत राहिले, मग खोकणाऱ्या आण्णाकडं.

"घावलं," हे म्हणाले आणि खुंटीवरचं गठुडं काढून माझ्या हातात दिलं.

खाणीतून आल्यापासून आण्णा कधी रडला नव्हता. त्या दिवशी खोकत खोकत रडला.