मुसळीची मुळं

लढाईच्या वर्षी, श्रावणातल्या एका मंगळवारी, मुलीने कॉलेजला निघताना माझ्यापुढे पांढऱ्या फुलांची तीन रोपं ठेवली. क्वार्टरमागच्या टेकडीवरून तिने ती ढेकळासकट आणली होती. "बाबा, सुकायच्या आत पेपरात दाबून ठेवा."

लढाईमुळे दारूगोळ्याच्या फॅक्टरीत बारा तासांची पाळी होती, ती करून मी नुकताच आलो होतो. मातकट मुळांनी कागद भिजत होता, रोपं कागदाच्या मापातही बसत नव्हती. मी मुळं बुडापासून सरळ कापली आणि कचऱ्याच्या गाडीत टाकली.

संध्याकाळी तिने कागद उघडला. "काहून कापली, बाबा?" मग तिने सांगितलं: ही मुसळी आहे एवढं फुलांवरून कळतं, पण मुसळीची कोणती जात, ते कंदांवरून ठरतं. एकीचे कंद बुडाला चिकटलेले असतात, दुसरीचे बारीक मुळांच्या टोकाला लोंबतात. वनस्पतीशास्त्राच्या परीक्षेसाठी वाळवलेली रोपं वहीत चिकटवून खाली जातीचं नाव लिहायचं होतं.

"फॅक्टरीतले नट समजून मापात बसवली," बायको म्हणाली.

रविवारी अर्धा दिवस सुटी मिळाली. टेकडीच्या पायथ्याशी फॅक्टरीच्या बंदोबस्तासाठी नवी काटेरी तार लागली होती. पहारेकरी म्हणाला, "बाबूजी, ऊपर जाना बंद है."

"एकच पौधा पाहिजे, भैया."

त्याने मान हलवली. फुलं वीस पावलांवर दिसत होती. दसऱ्यापर्यंत पानंही वाळली. कंद जमिनीत जिवंत होते, पण तारेपलीकडे.

मुलीने वहीत फक्त 'मुसळी' एवढंच लिहिलं आणि पुढे जातीच्या नावाची जागा कोरी ठेवली. खाली शेरा लिहिला, 'मुळं उपलब्ध नाहीत.' कोणी कापली, ते तिने लिहिलं नाही.