कुजबुजत झालेली सभा

विद्यापीठाच्या विद्यार्थी कल्याण विभागातल्या बाईंना पोरं पाठीमागे 'सावकाशबाई' म्हणायची. कुणी धापा टाकत आलं, की खुर्ची पुढे सरकवून त्या म्हणायच्या, "सावकाश सांग. मी कुठं पळून चाललेय?" बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या एकीच्या जागी त्या तात्पुरत्या म्हणून आल्या. ती परत आलीच नाही, आणि यांचे केस इथेच पांढरे झाले. वसतिगृहातल्या खोल्या, नळावरची भांडणं, हरवलेली ओळखपत्रं, फिसकटलेली प्रेमं, सगळं त्यांच्याच टेबलावर यायचं. नवरा चिडवायचा, "घरची पोरं कमी पडली वाटतं!"

एका दुपारी पहिल्या वर्षाची एक मुलगी आली. डोळे तांबारलेले. "माझं नाव काढून टाका. मला घरी जायचंय."

"बस. पाणी आणते."

पाणी घेऊन आल्या तर मुलगी टेबलावर डोकं टेकून गाढ झोपलेली. खिडकीतलं ऊन तिच्या केसांवरून हळूहळू सरकत होतं. उठवायला पुढे केलेला हात बाईंनी मागे घेतला.

नेमकी त्याच खोलीत सभा होती. विभागप्रमुख दोन प्राध्यापकांना घेऊन आले. त्यांचा आवाज म्हणजे ढगांचा गडगडाट. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

"बाई, ही काय धर्मशाळा आहे?" ते म्हणाले, पण कुजबुजत.

सगळे खुर्च्या न वाजवता बसले. अभ्यासिका रविवारी उघडी ठेवायची की नाही, यावरून वर्षभर त्यांची हमरीतुमरी चालली होती. पण कुजबुजत भांडायचं कसं? कुणी तावातावाने सुरुवात केली, की त्याचं त्यालाच हसू फुटायचं. वर पंखा संथ फिरत होता, मुलीचा श्वास लयीत चालला होता. पाण्याखाली बसल्यासारखं सगळ्यांना हलकं हलकं वाटू लागलं. एक प्राध्यापक तर चक्क पेंगले. रविवारची अभ्यासिका न भांडता मंजूर झाली, आणि विभागप्रमुख चवड्यांवर चालत बाहेर पडले.

उन्हं उतरल्यावर मुलगी दचकून उठली. "मी झोपले?"

"झोपलीस की. थोडी घोरलीससुद्धा."

मुलगी हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. घरी सगळ्या बहिणी एका खोलीत, रात्रभर कुणाची ना कुणाची बडबड. इथे वसतिगृहात एकटीची खोली, शांतता अंगावर यायची. डोळ्याला डोळा लागत नव्हता.

बाईंनी तिला जिन्याजवळच्या खोलीत हलवलं. तिथल्या तिघी अशा बोलघेवड्या, की शेजारणी रोज तक्रार घेऊन यायच्या. "आठवडाभर राहून बघ," बाई म्हणाल्या. "नाहीच जमलं तर नाव काढू."

मुलगी राहिली. पुढे एकदा व्हरांड्यात ती मैत्रिणींच्या घोळक्यात हातवारे करत, सगळ्यांच्या वरचढ आवाजात काहीतरी सांगत चालली होती. बाईंच्या अगदी जवळून गेली, पण तिचं लक्षच नव्हतं.

बाईंना क्षणभर चुटपुट लागली. मग वाटलं, विसरली म्हणजे रुळली की पोरगी! तिचा आवाज दूर जाईपर्यंत त्या तिथेच कठड्याला टेकून ऐकत राहिल्या.