शिवाजी पार्कचा तिरका घोडा

साठीवरच्यांच्या बुद्धिबळ स्पर्धेत शांतता असते असं ज्यांना वाटतं, त्यांनी दादरच्या त्या हॉलमध्ये येऊन आमचे गुडघे ऐकावेत. मी लालबागचा. चाळीच्या गॅलरीत, दहा जणांचे सल्ले झेलत खेळायला शिकलेला. गप्प बसावं लागलं की माझे पाय टेबलाखाली आपोआप नाचतात. त्या दिवशी तर असे नाचले की शेजारच्या पटावरचे दोन्ही राजे घर सोडून बाजूला सरकले.

समोर होते शिवाजी पार्कचे एक निवृत्त इंजिनिअर. कित्येक वर्षं आम्ही भिडतोय आणि मी त्यांना एकदाही हरवलेलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात ते लेकीकडे पुण्याला निघाले होते, कायमचे. म्हणजे हा डाव गेला की विषयच संपला. चाळीत कुठल्या तोंडाने जाणार?

त्यांची एक खोड आहे. घोडा ठेवायचा तो तिरका, नाक माझ्याकडे करून. ते नाक मी तासभर सोसलं. शेवटी हात गेलाच आणि मी घोडा सरळ केला. आधी ‘ॲडजस्ट’ म्हणायचं राहून गेलं.

"हात लावलात," ते शांतपणे म्हणाले. "मारा आता."

नियमच आहे तो. न सांगता समोरच्याच्या मोहऱ्याला शिवलात, तर ते मारावंच लागतं. मारू शकत होता फक्त माझा हत्ती, आणि घोड्याच्या राखणीला त्यांचं प्यादं टपून बसलेलं. घोड्याच्या बदल्यात अख्खा हत्ती जाणार, मागोमाग डावही. मी घोडा मारला, घड्याळाचं बटण दाबलं आणि रडू येऊ नये म्हणून पंख्याकडे बघत हसलो.

तिथेच ते अडकले. प्याद्याकडे निघालेला त्यांचा हात हवेत थांबला. हा माणूस इतका मूर्ख नसणार, असं त्यांनी ठरवून टाकलं. एवढा मान मला घरीही कधी मिळालेला नाही. मुळात ते वेळखाऊ, घड्याळात उरलेली चार-दोन मिनिटं, आणि ते सापळा शोधत बसले. माझे पाय असे सुटले की परळचा पूल हादरला असेल. त्यांचं घड्याळ शून्यावर आलं, वेळ संपली आणि डाव माझा झाला.

हात मिळवताना त्यांनी हळूच विचारलं, "सापळा काय होता हो?"

"शोधा की साहेब," मी म्हणालो. "पुण्यात वेळच वेळ आहे."

आता दर रविवारी त्यांचा फोन येतो. प्याद्याने हत्ती घेतला असता तर उंट आला असता, की वजीर? मी नुसता हुंकार भरतो. फोन ठेवला की तोच डाव मांडून बसतो, पाय हलवत. न जाणो, सापळा असेलही.