पितळेची पिन

साल एकोणीसशे सत्तावन्न. मी एकोणतीस वर्षांचा होतो, आणि बारामतीपासून इंदापूरपर्यंत जीपचं काम माझ्यासारखं कुणाला येत नव्हतं. हे मी आजही छातीवर हात ठेवून म्हणतो. पण पुढचं जे आहे ते बायकोला सांगितलं नाही, पोरांना नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतोय.

शाळा तिसरीपर्यंत. बाकी सगळं हातानं शिकलो. निरवांगीच्या तात्यांनी लष्कराच्या लिलावातली जीप आणली होती. बागायत मोठी, जमीन काळी, पाटाचं पाणी — चाक रुतलं की बैलं जुंपायला लागायची. त्या जीपच्या नाकावर मी विंच बसवली. म्हणजे लोखंडी रीळ, त्यावर पोलादी तार, आणि रीळ फिरवायला बॅटरीवरची मोटर. तार झाडाला बांधायची, बटण दाबायचं, गाडी स्वतःला चिखलातून ओढून काढते. विंच मूळची सहा व्होल्टची, रडत चालायची. मी मोटरीची गुंडाळी बदलली, दोन बॅटऱ्या जोडून बाराचा जोर दिला. मग अशी ओढायला लागली की तात्या म्हणाले, "मिस्त्री, हे यंत्र न्हाय, रेडा हाय."

पण रेड्याला वेसण होती. मोटर आणि रीळ यांच्या मधे एक पितळेची पिन असते, करंगळीएवढी. ओढ फार झाली की ती आधी तुटते, म्हणजे तार वाचते. तिचं कामच तुटायचं. जोर वाढवल्यावर ती सारखीच तुटायला लागली, आणि बांधावरचे लोक हसायला लागले. "मिस्त्रीचा रेडा बसला गा पुन्हा." माझे दाजी — थोरल्या बहिणीचे मालक, तारेचं सगळं काम त्यांच्याकडं — ते शांतपणे नवी पिन ठोकायचे. म्हणायचे, "तुटू द्या की, पाव्हणं. ती तुटती म्हणून आपण धड हाय."

मला ते हसणं सोसत नव्हतं. एवढं काय होतं त्यात? पण नव्हतं सोसत. एका दुपारी दाजी जेवायला गेले आणि मी पितळ काढून तिथं पोलादाची पिन घासून बसवली. कुणाला बोललो नाही.

त्याच आठवड्यात उसानं भरलेला ट्रक पाटाच्या कडेला रुतला. माणसं जमली. मी जीप मागून बाभळीला बांधली, पुढची तार ट्रकला लावली. तार तुटलीच तर चाबकासारखी उसळू नये म्हणून दाजींनी नेहमीसारखं तिच्यावर ओलं पोतं टाकलं, लोकांना मागं सारलं. मी बटण दाबलं. ट्रक हलला — हे सांगताना आजही बरं वाटतं, बघा — आणि तार तुटली.

तात्यांचा ड्रायव्हर बापू ट्रकच्या चाकात दगड सारत होता. ते पोतं नसतं तर त्याचं डोकं गेलं असतं. पाय गेला, गुडघ्याखालचा.

त्याला इंदापूरच्या दवाखान्याकडं नेलं, आणि मागं तात्यांनी विचारलं, तार तुटली कशी? माझ्या तोंडून निघालं — निघालं कशाला म्हणू, मी म्हणालो — "आतनं गंजली असंल. तेल द्यायचं काम दाजींचं हाय."

दाजींनी माझ्याकडं पाहिलं. मग तारेचं तुटकं टोक हातात घेऊन तिथंच बसून राहिले.

त्यांनी परत गाडीला हात लावला नाही. बहिणीच्या मळ्यात वांगी-भेंडी तोडत जन्म काढला. तोडा निघाला की पहिली पाटी बापूच्या दारात. बापू त्यांना कधी वाईट शब्द बोलला नाही, ते त्यांना जास्त लागायचं. बहिणीनं मला एकदाच विचारलं, "खरंच गंज हुता का रं?" मी म्हणालो, "व्हय." माझं गॅरेज वाढलं. विंचसाठी सोलापुराकडून गाड्या यायच्या. त्यानंतर पितळ सोडून दुसरी पिन मी कधी बसवली नाही, दुसऱ्यालाही बसवू दिली नाही. दाजी गेले ते स्वतःला दोष लावूनच गेले. आता बापूही नाही, बहीणही नाही.

तार तुटली त्या रात्री मला झोप लागली. लागली, खोटं कशाला सांगू?

दुसऱ्या दिवशी उजाडताना जीपपाशी गेलो. पोलादाची पिन ठोकून काढली, पाटात टाकली. पितळेची नवी बसवली, ती जुनी दिसावी म्हणून ग्रीस आणि माती चोळली. मग दाजींना बोलावून आणलं आणि झाकण उघडून दाखवलं. "दाजी, पिन शाबूत हाय. ओढ जास्त झाली असती तर आधी हीच तुटली असती." ते वाकले. पिनेवरून बोट फिरवलं. म्हणाले, "व्हय. मग तारच."

मी झाकण लावलं आणि नट आवळले.