फेसाखालची अंडी

“आक्का, माज्या पैलवानाच्या कुंडीत वततीस? आगं, त्येला न्याहारी वाढतीस का काय?”

बुन्चुआय कमरेवर हात ठेवून उभा होता. लमूननं वर बघितलं नाही. तिच्या हातात रस्सा प्यायचा चपटा चमचा, चमच्यात पाणी, नि पाण्यात खसखशीएवढी पांढरी अंडी.

“तोंड मीट. तुज्या बडबडीनं माजा हात हालतोय.”

कालव्याकडेच्या तिच्या पडवीत दारूच्या चपट्या बाटल्या रांगेनं मांडलेल्या. एका बाटलीत एक झुंजीचा मासा, दोन बाटल्यांच्या मधी पुठ्ठा. पुठ्ठा पडला की शेजारी कल्ले फुगवून काचेवर धडका मारायचे, शेपट्या फाटेस्तोवर. गाव दारू पितंय ते आक्काला बाटल्या पुरवायला, असं बुन्चुआय सांगत फिरायचा.

त्या बाटल्यांत पितळेच्या रंगाचा एक वाण तिनं निवडून निवडून जपला होता. यंदाच्या थंडीनं तो झाडून नेला; एक म्हातारा नर नि एक मादी तेवढी उरली. काल ती जोडी जुळली. नरानं बुडबुड्यांचा फेस बांधला, मादीला वेढा घालून अंडी पाडून घेतली नि एकेक तोंडात धरून फेसाला चिकटवली. मग लमूननं मादी काढून घेतली. ठेवली तर नर तिला मारून टाकतो. पुढचं सगळं बापानं करायचं: सुटलेलं अंडं उचलून परत वर लावायचं, परांनी वारा घालत बसायचं.

सकाळी बघती तर बाप तळाशी आडवा, गार. वरनं अंडी एकेक सुटून खाली चाललेली. तळाला राहिली की बुरशी धरणार, नि त्या रंगाचा दुसरा नर दुनियेत नव्हता. दुसऱ्या कुणाच्या फेसाखाली द्यावीत, तर कालच तिनं बाकीच्या सगळ्या बाटल्यांचं पाणी बदललेलं. मादी नसली तरी नर फेस बांधतातच, पण साऱ्यांचा फेस मोडला होता. शाबूत फेस एकाच जागी होता. झुंजीत फाटलेला बुन्चुआयचा मासा बदामाच्या वाळक्या पानांच्या पाण्यात बरा व्हायला तिच्याकडं ठेवला होता, त्याच्या कुंडीत.

लमूननं चमचा पाण्याला टेकवून हळूच कलता केला.

काळा मासा बाणासारखा आला. कल्ले फुगवले. एक अंडं तोंडात घेतलं नि तोंड मिटलं.

“खाल्लं,” बुन्चुआय पुटपुटला.

मासा जबडा हलवत तसाच थांबला. मग वर गेला, फेसाला तोंड लावलं. मागं सरला तेव्हा बुडबुड्यांच्या मधी एक पांढरा ठिपका चिकटलेला होता. मासा वळला, खाली सूर मारला, दुसरं उचललं. मग तिसरं.

दोघंही कुंडीवर वाकून राहिली. याच तोंडानं त्यानं परवा दुसऱ्याचा गाल फाडला होता. त्याच दातांत खसखशीएवढं अंडं फुटत नव्हतं. जन्मात मादी बघितली नव्हती त्यानं. कुणाची अंडी, कुठल्या रंगाची, काही विचारलं नाही. लमूनचा जन्म माशांत गेला होता, तरी रिकामा चमचा खाली ठेवायचं ती विसरली. बुन्चुआयनं पायातल्या चपला कधी काढल्या, त्याचं त्यालाही कळलं नाही.

तो हळू बोलला, “आक्का, ऐतवारी त्येची झुंज ठरलीया.”

“त्येचं बाळंतपण हाय. तू जा न् लढ.”

तो आवाज न करता हसला. पिल्लं पोहायला लागेपर्यंत मासा इथंच राहू दे म्हणाला, नि झुंजीतल्या समोरच्या गड्याला काय थाप मारायची ते जुळवत कालव्याकडेनं निघून गेला.

लमूननं कुंडीवर केळीचं पान अर्धं झाकलं. मग जाळी नि बादली उचलली नि डासांच्या अळ्या धरायला डबक्याकडं चालू लागली. बाटल्यांतली सारी तोंडं उपाशी होती.