चाळीस पांढरे कोट

सतराव्या कोटाची कॉलर दुमडत होते, तेवढ्यात दाराची कडी वाजली. बघते तर एकोणीस-वीस वर्षांची पोरगी. उन्हानं तोंड लालबुंद, स्कार्फ हाताला गुंडाळलेला.

"डब्बेवाल्या काकू तुम्हीच का?"

"मीच. ये की आत. कशाची ऑर्डर आहे?"

तिची नजर टेबलावर गेली. तिथं ओळीनं सोळा पांढरे कोट वाळत ठेवले होते. सगळ्यात पुढच्या कोटाच्या खिशावर निळ्या अक्षरात नाव होतं. डॉ. समृद्धी कदम.

"मीच समृद्धी," ती म्हणाली. "काकू, हे बनवू नका."

आता कोट म्हणलं की तुम्हाला कापडाचा वाटेल. हे कागदाचे कोट. मुठीत मावेल एवढा डबा, आत दोन पेढे बसतात, आणि वरचं झाकण डॉक्टरच्या कोटासारखं. कॉलर, दोन बटणं, छातीवर खिसा, गळ्यात काळी नळी. मी नांदेडला घरीच रिटर्न गिफ्ट बनवते. बारसं, डोहाळजेवण, एकसष्टी, असा घरातल्या घरात तीस-चाळीस माणसांचा कार्यक्रम असला की पाहुण्याच्या हातावर जाताना जे ठेवायचं, ते. मोठ्या लग्नाच्या ऑर्डरी घेत नाही, हात दोनच आहेत. शिकले कुठं म्हणाल तर कुठंच नाही. मोबाईलवर बघत गेले, कागद नासवत गेले, नासता नासता जमलं.

ही ऑर्डर कदम सरांची. कंधारकडचे, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. आठवड्यापूर्वी स्वतः आले होते. पोरगी लातूरला दोन वर्षं नीटचा, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेचा, अभ्यास करत होती. आमच्या नांदेड-लातूरला घरात हुशार लेकरू असलं की ते डॉक्टरच व्हायचं असतं, तुम्हाला वेगळं सांगायला नको. पहिल्या वर्षी हुकलं होतं. यंदा परीक्षा झाली होती, निकाल यायचा होता.

"सर, निकाल येऊ द्या की आधी," मी म्हणले होते.

"काकू, आन्सर की आलीय. आम्ही दोघं बसून मार्क काढले. मागच्या सालच्या हिशोबानं सरकारी कॉलेज पक्कं." मग जरा पुढं सरकून बसले. "आमच्या खानदानात कुणी डॉक्टर न्हाई बघा. निकालानंतरच्या रविवारी चाळीस माणसं घरी बोलावतो. जरा झकास करा."

आन्सर की म्हणजे बरोबर उत्तरांची यादी. परीक्षेनंतर ती येते, आणि लेकरं आपापले मार्क आधीच मोजून घेतात.

माझी पद्धत अशी, की आधी एक नमुना करायचा आणि त्यावर नाव टाकायचं नाही. नावं फार बदलतात. बारशाच्या आदल्या दिवशी आत्याबाई नवंच नाव काढतात. पण सर म्हणले, "नाव टाकूनच दाखवा, कसं दिसतंय बघू." मी टाकलं. फोटो काढून त्यांना पाठवला, आणि नेहमीसारखा माझ्या स्टेटसलाही ठेवला. मला दुकान नाही, पाटी नाही. मोबाईलचं स्टेटस हीच माझी पाटी. जुनी गिऱ्हाईकं बघतात, नव्या ऑर्डरी तिथूनच येतात.

ह्यात काही चुकतंय असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

पोरीला पाणी दिलं. ती पंख्याखाली बसली, पण ग्लास हातातच धरून.

"मुदखेडची आत्या तुमचं स्टेटस बघते," ती म्हणाली. "तुम्ही तिच्या नातवाच्या बारशाला पाळण्याचे डबे केले होते."

मला ती बाई आठवली. चांगली तोंडाळ, हौशी बाई. ती हिची सख्खी आत्या, हे मला काय ठाऊक!

"तिनं फोटो सगळ्या भावकीच्या ग्रुपवर टाकला. आमची समृद्धी डॉक्टर झाली म्हणून. परवापासून फोन थांबंनात. नायगावच्या मामानं आईला साडी घेतली म्हणे."

"अगं मग घेऊ दे की. आठ दिवसांनी निकाल आहेच."

"निकालात काय येणार ते मला माहीत हाय काकू."

मी हातातली पट्टी खाली ठेवली.

"बाबा शेजारी पेन्सिल घेऊन बसले होते. मी उत्तर वाचायची, ते टिक करायचे. मागच्या साली गेलं तेव्हा आठ दिवस धड जेवले न्हाईत ते. म्हणून एक चुकलेलं बरोबर म्हणून सांगितलं. मग दुसरं. मग थांबताच येईना."

"किती कमी पडतील?"

"लई. कुठंच लागणार न्हाई."

"आईला सांगितलंस?"

"कुणालाच न्हाई. परवा संध्याकाळी बाबांना सांगणार होते. ते अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मी समोर जाऊन उभी बी राहिले. तेवढ्यात त्यांच्या मोबाईलवर तुमचा फोटो आला." तिनं ग्लास खाली ठेवला. "बाबा रडले काकू. फोटो बघून. मग मी काय बोलू?"

खरं सांगते, ह्या धंद्यात मी रागावलेली गिऱ्हाईकं बघितलीत, भांडलेली बघितलीत. पण माझा डबा बघून कुणाचं तोंड बंद झालं, असं पहिल्यांदाच ऐकत होते.

"तुला काय करायचंय पण?" मी विचारलं.

"बीएस्सी. इथं नांदेडलाच. केमिस्ट्री आवडते मला." हे बोलताना तेवढा तिचा आवाज मोकळा झाला. "दोन वर्षं झाली काकू, त्या होस्टेलात जायचं म्हणलं की भरलेली बॅग परत रिकामी करते मी."

"चल, मी येते तुझ्यासंगं कंधारला. आत्ताच्या आत्ता सांगून टाकू."

"नको. मीच सांगते. मला चार दिवस द्या. तेवढे दिवस हे थांबवा. घरात डब्बे आले की मला सांगताच यायचं न्हाई."

मी शब्द दिला. ती कागदपत्रांच्या कामाला जाते म्हणून घरून आली होती, चारच्या गाडीनं परत गेली. स्टेटस काढायला मोबाईल हातात घेतला, तर ते चोवीस तासांनी आपोआप निघून गेलं होतं. त्याचा काय उपयोग? भावकीच्या ग्रुपवरचा फोटो थोडाच निघतो.

मग मी धंद्यातला जुना बहाणा केला. सरांना फोन लावला.

"सर, तुमच्या कोटाचा कागद संपला. हैदराबादहून येतो तो. आठ-दहा दिवस लागतील."

"आठ-दहा दिवस? कोणता कागद म्हणायचा तो?"

"आयव्हरी. तीनशे जीएसएम." जीएसएम म्हणजे कागदाचा जाडपणा. वहीचं पान साठ-सत्तरचं असतं, डब्याला तीनशे लागतो. विचारलं की तोंडातून निघून जातं, सवयच आहे.

"बरं बरं," म्हणाले आणि फोन ठेवला.

तिसऱ्या दिवशी सर माझ्या दारात. काखेत दोन ड्रॉइंग बोर्ड, मधे कागद, वरून सुतळीनं आवळून बांधलेले.

"शाळेला सुट्ट्याच हायेत, म्हणलं आपणच जावं. घ्या तुमचा आयव्हरी." सुतळी सोडत होते आणि बोलत होते. "येताना गाडीत मांडीवर धरून आणला. एका बाईची पिशवी लागत होती सारखी. तिला म्हणलं, मावशी, सांभाळून, माझ्या पोरीचा दवाखाना हाय ह्यात!"

आणि हसले. कागदाला एक सुरकुती नव्हती.

पोरीनं सांगितलेलं नव्हतं, हे त्या हसण्यावरूनच कळलं.

"आता तुम्ही एकट्या किती करणार? मी बसतो थोडा वेळ. पूर्वी शाळेत कार्यानुभवाचा तास मीच घ्यायचो. कागदकाम, मातीकाम, समदं."

चटईवर बसलेसुद्धा. आता नाही कसं म्हणायचं! जाड कागद तसाच दुमडला तर घडीवर फुटतो, म्हणून आधी पट्टी धरून रिकाम्या बॉलपेननं रेघ दाबून घ्यायची असते. त्याला क्रीज म्हणतात. मी एकदा दाखवलं. सरांची क्रीज माझ्यापेक्षा सरळ आली. कॉलर दुमडायचे आणि हात लांब करून बघायचे, जसं काही खरंच कुणाच्या अंगावर आहे.

"पोरगी अबोल झालीय काकू चार दिवसांपासून," ते म्हणाले. "निकालाचं टेन्शन. म्हणून तर म्हणलं तयारी चालू ठेवू. घरात तयारी दिसली की लेकराला धीर येतो."

मी काळ्या पट्टीची नळी वळत होते. बारीक पट्टी सुईवर गुंडाळून वळायची असते. तीनदा सुटली माझ्या हातून.

सहा कोट झाले. सातवा त्यांनी हातात घेतला, आणि मला तिथं बसवेना. चहा टाकते म्हणून आत गेले, ओट्यापाशी उभी राहून पोरीला फोन लावला.

"सांगितलंस का?"

"न्हाई काकू."

"तुझे बाबा इथं बसून कोट दुमडायलेत. कागद आणायला हैदराबादला जाऊन आले. मला हे बघवंना बाई. तू सांगतीस का मी सांगू?"

ती म्हणाली, "द्या त्यांच्याकडं."

मी मोबाईल सरांच्या हातात दिला. ते मला वाटतं आधी हसूनच बोलले, काय गं, म्हणून. मग ऐकत राहिले.

"हां... हां... किती?... बरं."

पंख्यानं कागद उडत होते, त्यावर त्यांनी दुसरा हात ठेवला.

"आई हाय का जवळ?... मग तिच्याजवळच बस. कुठं जाऊ नको. मी निघालो. जेवलीस का?... जेवून घे."

मोबाईल माझ्याकडं दिला. हातातला कोट अर्धा झाला होता. तो त्यांनी पुरा केला, फेविकॉल लावला, बोटानं दाबून धरला आणि ओळीत नेऊन ठेवला.

"तेवीस झाले," म्हणाले.

मी चहा पुढं केला. घेतला नाही. चपला घालताना विचारलं, "तुम्हाला कधी कळलं काकू?"

"तीन दिवस झाले."

"मग मला हैदराबादला कामून जाऊ दिलं?"

मी चहाचा कप खाली ठेवला. पोरीला शब्द दिला होता म्हणावं, तर खोटं मी माझ्या मनानं बोलले होते. तिनं थांबवा म्हणलं होतं, कागद संपला म्हणा असं नव्हतं म्हणलं.

निकाल आला तो पोरीनं सांगितला तसाच. रविवारचा कार्यक्रम झाला नाही. सर पोरीला एक शब्द वावगा बोलले नाहीत, हे तिनंच मला नंतर कळवलं. मला वाटलं, चला, जीव तर मोकळा झाला. आता जाईल बीएस्सीला.

पुढं एक दिवस सरांचा फोन आला. आवाज पार सपाट.

"समृद्धीला लातूरला पाठवलं काकू. रिपीट."

"सर, तिला तर बीएस्सी करायची होती. इथंच."

"माहीत हाय. बोलली ती. पण काकू, मुदखेडला बहिणीनं गल्लीत पेढे वाटलेत तो फोटो दाखवून. आता बीएस्सीला घातली तर डॉक्टरीण म्हणून जन्मभर चिडवतील लोकं तिला. एकदा नंबर लागला की समदे गप होतील. वर्षाचाच प्रश्न हाय."

"ती काय म्हणाली?"

"काही न्हाई. बॅग भरली." मग म्हणाले, "ते तेवीस कोट तेवढे ठेवा. पुढच्या साली लागतील."

मी हो म्हणले. डबे प्लॅस्टिकमध्ये बांधून कपाटात वर ठेवलेत. पांढरा आयव्हरी वर्षभरात पिवळा पडतो, कितीही बांधून ठेवला तरी. हे त्यांना सांगायला माझी जीभ रेटली नाही.

समृद्धीशी एकदा बोलणं झालं. होस्टेलात रविवारीच फोन देतात. मी म्हणले, बाई, माझं चुकलं. ती म्हणाली, "तुमचं काय काकू, तुम्ही तर नुसती ऑर्डर घेतली." मग मागून कुणीतरी घाई केली आणि फोन कट झाला.

नाव टाकलेला नमुना मी आता स्टेटसला ठेवत नाही. पण चूक तेवढीच नव्हती. इतकी वर्षं मी ऑर्डर देणाऱ्यालाच सगळं विचारत आले. रंग कोणता, माणसं किती, पेढा का बर्फी. ज्याचं नाव डब्यावर लागणार त्याला कधी विचारलंच नाही. आता विचारते. साखरपुडा असेल तर पोरीशी, एकसष्टी असेल तर त्या आजोबांशी, फोनवर दोन शब्द बोलल्याशिवाय कागदाला कात्री लावत नाही. गिऱ्हाईकं वैतागतात. "काकू, सरप्राइज हाय ना ते!" म्हणतात. दोन ऑर्डरी त्यापायी गेल्यासुद्धा. जाऊ देत.

बारशाच्या बाळाला तेवढं विचारता येत नाही.